देवघरातला समुद्र

सापगाव, ता. शहापूर
४ नोव्हेंबर २०२५

चि. भावेश यास जयाआत्याचा आशीर्वाद.

रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भर अंगणात माझी शोभा झाली, आणि तिला कारण तू आहेस. तुझा खोकला कसा आहे? (मध घे. गोळ्या गिळत बसू नकोस.)

मुक्तिनाथहून तू आणलेला शाळीग्राम दोन वर्षं मी रोज न्हाऊ घातला. परवा तुळशीच्या लग्नात नवरदेव तोच. भटजी अंतरपाट उलगडतात तोच शेजारच्या ताराबाईची नात रुचिता (कॉलेजात दगडांचा अभ्यास करते, घरी तांदूळ निवडत नाही) वाकून म्हणाली, “आजी, हा समुद्रातला प्राणी. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला.” ताराबाईच्या घशाखाली नुकतंच तीर्थ उतरलं होतं. ती ओरडली, “मंग ह्ये म्हावरंच की गो! चार महिने चातुर्मास पाळलाय, आन् शेवटच्या दिशी मला बाटवलंस?”

हिमालयात समुद्र कुठला, असं मी ठणकावलं. तर त्या पोरीने अंतरपाट ओढून जमिनीवर पसरला, मधोमध शाळीग्राम ठेवला. ही कडा भारत, ती आशिया, मधे समुद्र, हा त्याच्या तळाशी. मग भारताची कडा रेटत नेली. कापडाला घडी पडली, घडीचा डोंगर झाला, देव त्यावर बसून वर चढला. भटजींच्या मुठीत अक्षता तशाच.

भावेश, मी तिला म्हटलं, पुन्हा करून दाखव. (मी!) कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथांना विचारलं होतं, हिमालय आला कुठून? त्यांनी मला बाकावर उभं करून त्याची उंची पाठ म्हणायला लावली. उत्तर मिळायला अठ्ठावन्न वर्षं लागली. जमिनीचा एवढा थोरला तुकडा, माहुलीचा डोंगर, मुरबाडची भातखाचरं आणि ताराबाईचं तोंड घेऊन, आजही वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला सरकतोय, आणि माझ्या कपातला चहा हिंदकळत नाही! समुद्राचा तळ ढगांच्या वर उभा राहिला, आणि त्यातला एक खडा मी पळीभर पाण्याने न्हाऊ घालते. परवापासून पळी दोन्ही हातांनी धरते.

तू तिथे उभा राहून आलास, आणि फोटो दाखवलेस ते मोमोंचे. लेखी उत्तर (मोबाइलवरचा अंगठा नको) ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे.

तुझी संतप्त
जयाआत्या

ता. क. शाळीग्राम परत पाठवणार होते. पाठवत नाही. लग्न त्याच्याशीच लागलं.

ता. क. दुसरा. उत्तर कशाचं, ते राहिलंच. मला मुक्तिनाथला कधी नेतोस? ताराबाईही येते म्हणते (सोबत सुकट घेणार, तिचं पाळणं संपलं). लवकर ठरव. रुचिता म्हणते हिमालय अजून वाढतोय. उशीर केलास तर चढही वाढेल.