सोयरे अज्ञात

७ ऑक्टोबर, मंगळवार
सुभेदार काका गेले. शुक्रवारीच गेले असावेत असे डॉक्टरांचे अनुमान. आम्हांस आज कळले. रविवारी पत्ते खेळायला आले नाहीत, तेव्हा ‘वृद्धांस रुसण्याचा अधिकार असतो’ असे भाष्य करून अस्मादिकांनी पिसणे चालू ठेवले. या वाक्याबद्दल स्वतःला पुढे कधीतरी क्षमा करावी लागेल. आज नव्हे.

९ ऑक्टोबर
ऑर्डनुंग्सआम्टात पाचारण, म्हणजे बेवारस मृतांची व्यवस्था लावणाऱ्या पालिका-कचेरीत. फ्राउ केलर, सौम्य बाई, चष्मा केसांत खोवलेला.
“तुम्ही नातेवाईक?”
“नाही. पण आम्ही त्यांना काका म्हणत असू.”
“काका म्हणजे वडिलांचे भाऊ?”
“होय. पण कोणाच्याच वडिलांचे नव्हेत.”
बाईंनी लेखणी खाली ठेवली.
जर्मन पत्नी फार पूर्वी विभक्त झाली, मग वारली. अपत्य नाही. दहन पालिका उरकणार. अस्थिकलश २८ नोव्हें.पर्यंत कपाटात. रक्ताच्या नात्याने कोणी सही करून मागितला तर भारतात धाडतील. न मागितल्यास दफनभूमीतली निनावी हिरवळ: ना दगड, ना नाव. मित्राची सही चालत नाही. विचारून पाहिले. दोनदा.

१२ ऑक्टोबर, रविवार
पत्ते नाहीत. मराठी मंडळाची पत्तेवही काढली. संकलक, संपादक व मुद्रितशोधक: अस्मादिक. लुडविग्सहाफेन व परिसरातील यच्चयावत मराठी कुटुंबे. नावे, मूळ गावे, रक्तगटसुद्धा. ‘स’खाली: “सुभेदार काका. नदीकाठची जुनी वसाहत, दुसरा मजला.” इतकेच. प्रस्तावनेत ‘परिपूर्ण’ हे विशेषण दोन वेळा योजिले आहे.
वीस वर्षे दर श्रावणात काका म्हणायचे, “यंदा दिवाळी गावाकडं.” आम्ही म्हणायचो, “वा, वा!” कोणत्या गावाकडे, हे एकानेही विचारले नाही. वडीलधाऱ्यांना खोदून विचारू नये, अशी आपली थोर संस्कृती. शिवाय पत्ते वाटायचे असत.
ईराने जेवताना: “बाबा, वी हीस एअर आयगेंटलिश?” त्यांचे नाव काय होते खरे?
सौ.ने वरण वाढले. मी आणखी मागितले. उत्तर देणे टळले.

१५ ऑक्टोबर
नाव मिळाले. पासपोर्टवर ज्ञानदेव गोविंद. पैकी गोविंद हे वडिलांचे. पलटणीत आडनाव लिहून घेतलेच नसावे. फ्राउ केलरना मात्र ते कुलनाम वाटले, व त्यांनी जर्मनीभरच्या दूरध्वनी-पुस्तिकांतील गोविंदांना पत्रे धाडली. कासेलच्या गोविंदांचे उत्तर आले. ते केरळचे दंतवैद्य. आपले सर्व काका हयात असल्याचे त्यांनी सविनय कळविले आहे.
हसलो. बाईही हसल्या. मग दोघांनीही कपाटाकडे पाहिले.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अर्धी रजा. नगर-अभिलेखागारात जुन्या पत्तापुस्तिका. रस्तावार, घरवार, व्यवसायासह छापलेल्या. अस्मादिकांची वही यांच्यापुढे बालवाङ्मय. प्रथम ‘गोविंद, ज्ञानदेव, कामगार’, कारखान्याच्या वसतिगृहात. तीन खंडांनंतर नवा पत्ता, आणि कंसात हानेलोरे. म्हणजे विवाह त्या दरम्यान. फ्राउ केलरना कळविले. त्या वर्षांची विवाहनोंदणीची कागदपत्रे मागवतील.
घरी येऊन पूजा सांगितली. सौ. म्हणाली, “अहो, अर्धे मंत्र गाळलेत.” लक्ष्मीला सवय आहे.

४ नोव्हेंबर
कागद आले. विवाहासाठी काकांनी सेवामुक्तीचा दाखला जोडला होता. लढाई एकाहत्तरची, जखम डाव्या खांद्याला, मूळ गाव वेताळदरे, जिल्हा सातारा. हुद्दा: नाईक.
सुभेदार नव्हतेच. पदोन्नती आम्ही दिली, मंडळाच्या कुठल्याशा सहलीत. त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. दुरुस्त करायचे तर स्वतःबद्दल बोलावे लागले असते, आणि ऐकायला कोण मोकळे होते?
फ्राउ केलर म्हणाल्या, “आल्झो, तर मग, आता गाव आहे.” त्यांचे डोळे चमकत होते. माझे काय करत होते, नोंदवीत नाही.

७ नोव्हेंबर
मतदारयादी निरुपयोगी, आडनावच नाही. शेवटी ग्रामसेवकांना फोन. शासकीय मराठीत दीर्घ निवेदन सादर केले. मग मागे वळून हाक: “आबा, गोंदाचा ज्ञानू म्हंजी कोण वो?” आणि दुरून म्हातारा आवाज: “पलटणीतला का? बाजीरावाचा चुलता.”
चार आठवडे, दोन कचेऱ्या, एक अभिलेखागार. आणि एक आबा.

८ नोव्हेंबर, शनिवार
बाजीराव, काकांच्या थोरल्या भावाचा मुलगा, वय पन्नाशीचे. सभ्य माणूस. सगळे ऐकून घेतले.
“साहेब, आमचं चुलतं वारलं. मी ल्हान होतो.”
“ते गेल्या महिन्यात वारले.”
“आमच्यात बारा वर्सं वाट बघितली. ना पत्र ना सांगावा. मग वडलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, दिवस घातलं. मी सोता मुंडन केलंय.”
पालाशविधी. विद्वत्ता उसळून आली. म्हटले, शास्त्रात अशा प्रत्यागताची सोय आहे. तुपाच्या कुंभातून बाहेर काढून पुनर्जन्म देतात, जातकर्मापासून सर्व संस्कार नव्याने.
“ते जिता परत आला तर, साहेब. मेलेला परत आला तर काय सांगतंय तुमचं शास्त्र?”
काही सांगत नाही. नंतर तासभर ग्रंथ चाळले. काही सांगत नाही.
फोन ठेवता ठेवता बाजीराव म्हणाले होते, “आत्या हाय. पर तिला नका सांगू.” आणि लगेच स्वतःच तिचा नंबर दिला होता.

९ नोव्हेंबर, रविवार
अनुसयाबाई. काकांची धाकटी बहीण, ऐंशीची, शेजारच्या गावात दिलेली. मी वाक्य जुळवीत होतो, त्या आधीच म्हणाल्या, “ज्ञानूदादाचं हाय का?”
हो म्हणालो.
“त्यो पुतळा जाळला त्या दिशी मी जेवले व्हते, भाऊ. समदी उपाशी, मी भाकर खाल्ली. म्हनलं, माझा दादा काय मेला न्हाई.” मग, “भाऊबीजेला थोरल्याला ओवाळून झालं की भाईर येऊन चांदोबाला ओवाळायची. थोरला चिडायचा. ह्या वर्साला बी ओवाळलं.”
या वर्षीची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. काका २० दिवसांपूर्वी गेले होते, आणि मी त्या संध्याकाळी दंतवैद्याचा किस्सा सौ.ला तिसऱ्यांदा सांगत होतो.

१६ नोव्हेंबर
अर्ज मराठीत अनुवादून धाडला. तालुक्याला जाऊन अधिकाऱ्यासमोर अनुसयाबाईंचा अंगठा, मग त्याची प्रत मोबाइलवरून इकडे. फ्राउ केलरना प्रत चालेल. पण तालुक्याला न्यायचे बाजीरावांनी, आणि बाजीराव म्हणतात, आत्याने अंगठा दिला की वडिलांनी जित्या भावाला जाळले असा अर्थ गावात होईल. खरे आहे. होईल.

२३ नोव्हेंबर, रविवार
अर्ज नाही. मंडळात पत्ते पुन्हा सुरू झाले. चौथा भिडू मिळाला आहे. मी गेलो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी अनुसयाबाईंचा फोन, आपण होऊन. बाजीराव विरघळले आहेत. उद्या तालुक्याला न्यायला तयार, आत्याने हट्ट धरला तर. इकडे बारा वाजेपर्यंत मुदत. वेळ पुरेल. मी आनंदाने काहीतरी संस्कृत बोललो असावे.
“थांबा, भाऊ. आदी एक सांगा. आमची याद काडायचा का त्यो? माजं नाव घ्यायचा का?”
वीस वर्षांचे रविवार. अनुसया हे नाव मी पहिल्यांदा याच महिन्यात ऐकले.
“त्यानं आमाला टाकलं आसंल तर भावाच्या पोराला गावात खाली बघाया लावून कुनाला घरी आनू मी? खोटं नका बोलू. म्हातारीला कळतंय.”
म्हणालो, आक्का, रेंज जाते आहे. फोन बंद केला.
सौ. म्हणते, “अहो, घेत होते म्हणा की. काय जातं तुमचं?” काका असते तर काय म्हणाले असते, ते तिलाही ठाऊक नाही. विचारले.
सकाळी सहाला फोन करायचा, तिकडे साडेदहा. दोन उत्तरे लिहून काढली आहेत, एक खरे. दोन्हींची वाक्यरचना निर्दोष आहे.