डीकन रोचं पुनरागमन

४ मार्च, सोमवार
निश्चय झाला. कुणाला सांगायचा नाही, म्हणून इथे लिहितो. डीकन रो पुन्हा स्टेजवर येणार. जूनमध्ये, जूनटीन्थच्या, म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी. सोबत अर्थात मी.

दक्षिणेतलं हिप हॉप म्हटलं की लोक अटलांटा म्हणतात, ह्यूस्टन म्हणतात, मेम्फिस म्हणतात. जॅक्सन, मिसिसिपी कुणी म्हणत नाही. लोक आमच्या गावात पेट्रोल भरतात आणि पुढे जाऊन गाणी ऐकतात. काल रेडिओवरच्या माझ्या तासाला हेच बोललो. फोनही आले. एक चुकून लागला होता. दुसरा ममाचा. सगळे मला वेस म्हणतात, ती पूर्ण नाव घेते. म्हणाली, "आल्व्हेस्टर, माणसं चर्चमधून येऊन दोन घास खायला बसतात, तेव्हाच तुला हे धाडधूड लावायचं सुचतं का रे?" एकूण प्रतिसाद उत्तम.

डीकन रो म्हणजे रोस्को पेटवे. शाळेपासूनचा मित्र, रॅपर. चर्चमधल्या डीकनसारखा संथ, खर्जातला आवाज, म्हणून हे नाव. ऑक्टोबरात त्याला स्ट्रोक झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, आता फार आशा धरू नका. डॉक्टर ओहायोचे आहेत, उत्तरेकडचे. त्यांना काय कळणार!

१० मार्च, रविवार
रेडिओ आटोपून रोस्कोकडे. जुना कॅसेट प्लेअर नेला होता. त्याचं 'पाणी पायरीला लागलं' लावलं.

काय गाणं आहे! पर्ल नदीला पूर आलाय, आई खुर्च्या टेबलावर चढवतेय, आणि पोरगा पायऱ्या मोजतोय. बस्स. ना पैशाची बढाई, ना बंदुकीची. खालून बेस असा येतो की मोटारीची नंबरप्लेट थरथरते. ही कॅसेट आम्ही दोघांनी डिकीतून विकली. न्यूयॉर्कचा कुणी असता तर आज त्याच्यावर कॉलेजात धडे असते.

दर ओळीचा शेवटचा शब्द मागून जोरात ओरडायचा, हे माझं काम. त्याला हाइपमन म्हणतात. लोकांना वाटतं त्यात काय! ते काढून ऐका म्हणावं. नुसता रोस्को उरतो.

रोस्को खिडकीशी खुर्चीत. गाणं सुरू झालं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आनंद. डावा हात वर करून हलवायला लागला. ताल धरला होता पठ्ठ्याने. वर्नेटा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून आली आणि "वेस, पुरे आता" म्हणून बंद करून गेली. तिला पहिल्यापासून संगीताचा कान कमी.

१४ मार्च, गुरुवार
स्टेजचं जांभळं जॅकेट कपाटातून काढलं. बटण लागत नाही. कोरड्या हवेने कापड आटलं असावं. तरी आजपासून गोड चहा बंद.

१५ मार्च, शुक्रवार
चहा एकदम बंद केला की डोकं दुखतं. हळूहळू बंद करायचा.

२१ मार्च, गुरुवार
कामावरून, टायरच्या दुकानातून, लवकर निघून रोस्कोकडे गेलो. बोलणं शिकवणाऱ्या मिस ऑडली आल्या होत्या. त्यांना योजना सांगितली. म्हणाल्या, "मिस्टर गेन्स, बोलणं गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात. मेंदूचा तो भाग वेगळा असतो." मी म्हटलं, "बघा!" त्या म्हणाल्या, "कधी कधी म्हणाले मी." मी "कधी कधी" वगळून बाकीचं लक्षात ठेवलं.

आणखी महत्त्वाचं. रोस्कोला एकच शब्द येतो : "नाही." भूक लागली तरी नाही, अंघोळ हवी तरी नाही. मिस ऑडली म्हणाल्या, या आजारात मनात हो असतं आणि तोंडातून नाही निघतं, असंही होतं.

लगेच विचारलं, "रो, जूनमध्ये स्टेजवर येतोस ना?"
तो म्हणाला, "नाही."
इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

३१ मार्च, रविवार
आजचा तास मिस टुलूलाला दिला. हॅटिसबर्गच्या शाळेत स्वयंपाक करायची. एकच गाणं रेकॉर्ड केलं, तेही दिराच्या गॅरेजमध्ये. मागे कुत्रं भुंकतं, तेसुद्धा तालात. गाणं कशावर? नवरा सोडून गेल्यावर दोघांपुरतं शिजवायची सवय कशी मोडायची, यावर. त्यात एके ठिकाणी ती भात परत डब्यात ओतते आणि दोन मात्रा गप्प राहते. त्या गप्प राहण्याला तोड नाही. कुणाला माहीत नाही ही बाई. कुणालाच नाही.

गाणं संपल्यावर मीही जरा वेळ बोललो नाही. रेडिओ स्टेशनच्या बाई काचेपलीकडून हातवारे करत होत्या. याचा माझ्या घटस्फोटाशी संबंध नाही.

एकच फोन. ममा. "कुत्रं कुणाचं होतं रे?"

७ एप्रिल, रविवार
रोस्कोसोबत तालीम. मी त्याच्या ओळी म्हणतो, तो शेवटचा शब्द म्हणेल अशी कल्पना. म्हणजे आमची कामं बदलली. तो काही म्हणाला नाही. मी दोन्ही म्हटलं. छान झालं.

मग गाणं लावलं. पुन्हा डोळे भरले. माझेही. शेवटी त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. कलावंत एकाग्र होतो तेव्हा असंच करतो.

२० एप्रिल, शनिवार
वर्नेटाशी बोलणं काढलं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते, उभं राहून पाय सुजतात. पाय बादलीत घालून बसली होती. मी अर्धा तास बोललो. दक्षिण, इतिहास, अन्याय. ती म्हणाली, "झालं का?"

मी म्हटलं, "त्याचा आवाज परत येईल, वर्नेटा. गाण्यातून येईल. मिस ऑडलीच म्हणाल्या तसं."

तिने एक पाय बादलीतून काढून पुसला. मग म्हणाली, "तुला माहितीये, फोनवर त्याने आजाराआधी रेकॉर्ड केलेला निरोप आहे ना, 'आम्ही घरी नाही' म्हणणारा? मी कामावरून घरी फोन करते. तो उचलत नाही. मग मी तो निरोप ऐकते."

मी पोस्टर दाखवलं.

म्हणाली, "तुझा फोटो मोठा आहे."
मी म्हटलं, छापखान्याची चूक.
म्हणाली, "एकच गाणं. खुर्चीत बसून. आणि मी समोर बसणार."
मंजुरी!

११ मे, शनिवार
जॅकेटचं बटण पुढे सरकवून घेतलं. वजन कमी करण्यापेक्षा हे शास्त्रीय.

रेडिओवर तीन रविवार शोची जाहिरात चालू आहे. स्टेशनच्या बाई म्हणाल्या, "वेस, लोकांना माहीत असलेलं एखादं गाणं लावत जा ना मध्ये." मी म्हटलं, माहीत नसलेलं माहीत करून देणं हेच आपलं काम. त्या म्हणाल्या, "मग कुणी तरी ऐकायला नको का?" या विचारसरणीमुळेच दक्षिण मागे राहिली.

२ जून, रविवार
शोला चर्चच्या बायका कॅटफिश मासे तळून देणार. ममाने कबूल करवलं. मला म्हणाली, "रोस्कोला विचारलंस का, त्याला यायचंय का?"
मी म्हटलं, "विचारलं. नाही म्हणाला."
ममा म्हणाली, "मग?"
मी आजाराचं सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेत आजच्या जेवणाच्या माशांना मक्याचं पीठ लावत राहिली. शेवटी म्हणाली, "बाळा, नाही म्हणायचं असेल तेव्हा त्या बिचाऱ्याने काय म्हणायचं?"
वय झालं ममाचं.

१५ जून, शनिवार. शोहून आल्यावर
यश! सविस्तर लिहून ठेवतो.

हॉल अर्धा भरला. म्हणजे अर्धा रिकामा असं कुणी म्हणेल, पण मासे सगळे संपले. वर्नेटाने रोस्कोला पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता, दाढी करून दिली होती. स्वतः निळा ड्रेस, ओठांना लाली. पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पहिल्यांदा प्रियकराला भेटायला आलेल्या मुलीसारखी. तिला असं बघून बरं वाटलं.

मी आधी भाषण केलं. अंमळ लांबलं. मग गाणं लावलं. स्पीकरमधून बावीस वर्षांचा रोस्को आणि समोर खुर्चीत हा. मी माइक त्याच्या डाव्या हातात दिला. पहिलं कडवं तो नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं. वर्नेटा अर्धी उठली.

"नाही," तो म्हणाला. मग पुन्हा, "नाही. नाही. नाही."
आणि बरोब्बर तालात!

लोकांना वाटलं गाण्यातलंच आहे. कुणी तरी मागून ओरडलं, "नाही!" मग सगळेच. रोस्को म्हणणार "नाही", हॉल म्हणणार "नाही!" माणसं उभी राहिली, हात वर गेले. मी सगळ्यांत जोरात ओरडत होतो. रोस्कोचा शर्ट डोळ्यांतल्या पाण्याने भिजला होता. इतकी दाद त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

तेवढ्यात वर्नेटा स्टेजवर आली आणि तिने वायर ओढली. ऐन रंगात. तिने त्याच्या हातातून माइक सोडवला, त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. त्याला घेऊन गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लोकांनी जाताना टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "पुन्हा कधी?"
वर्नेटा थकलेली असणार. उद्या आभार मानेल.

१६ जून, रविवार
वर्नेटाला फोन केला. उचलला नाही. रोस्कोचा निरोप लागला, "आम्ही घरी नाही." ते चर्चला गेले असतील.

१९ जून, बुधवार
जूनटीन्थ. पार्कात सगळं गाव लोटलं होतं. रोस्को-वर्नेटाच्या खुर्च्या नेहमी असतात त्या झाडाखाली दुसरंच कुटुंब होतं. मी सणाचा लाल सोडा घेऊन दोनदा चक्कर मारली. गर्दीत चुकामूक होते.

२३ जून, रविवार
घरी गेलो. वर्नेटाने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच बोलली. तिचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो.

म्हणाली, "पहिल्या दिवशी त्याने हात वर केला ना, तो बंद कर म्हणून. तू ताल म्हणालास. मी म्हटलं, जाऊ दे, वेस प्रेमाने करतोय."
मी म्हटलं, "पण मिस ऑडली म्हणाल्या..."
"मिस ऑडलीचं सोड. तो स्वतःचा आवाज ऐकून रडायचा, वेस. मेलेल्या माणसाचा ऐकावा तसा. मी बघत होते आणि तरी मी तुला हो म्हटलं. का, माहितीये? मला वाटलं, एकदा, एकदा तरी मला नावाने हाक मारेल." तिचा आवाज फुटला. "तू ओरडत होतास, वेस. तो तुला नाही म्हणत होता, तुझ्याकडे बघून म्हणत होता, आणि तू मागून ओरडत होतास."

मी सांगणार होतो की स्टेजवरच्या दिव्यांमुळे समोरचं नीट दिसत नाही. पण तो माझ्यासमोर नव्हता, शेजारी होता. वीतभर अंतरावर.

सांगितलं नाही. घरी आलो.

३० जून, रविवार
रेडिओवर गेलो नाही. सर्दी. स्टेशनने तासाला दुसरंच काही लावलं. ममाचा फोन आला नाही.

७ जुलै, रविवार
गेलो. मिस टुलूलाचं गाणं काढलं आणि परत ठेवलं. स्लो हँक काढला, मनरो गावचा रॅपर, लुइझियानातला. खाटकाच्या दुकानात काम करून रात्रीच्या नोकरीवर जाणाऱ्या माणसाबद्दल इतकं हळू, इतकं मायेने कुणी बोललं नसेल. ते लावलं. आधी-नंतर काही बोललो नाही. स्टेशनच्या बाई म्हणाल्या, आज पहिल्यांदा गाणं नीट ऐकू आलं.

१४ जुलै, रविवार
वर्नेटाने निरोप धाडला, ममाकरवी : यायचं तर ये. गाणं नाही, मशीन नाही.

गेलो. घरापुढच्या व्हरांड्यात रोस्को बसला होता. बारीक झालाय. शेजारी बसलो. आणि लक्षात आलं, गाणं वगळलं तर याच्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मीच बोलत आलो. त्याला मासे आवडतात की नाही, हेही मी कधी विचारलेलं नाही.

म्हणालो, "रो, चुकलो मी."
तो काहीच म्हणाला नाही. त्याचा एकमेव शब्दही नाही.

उन्हं उतरायला लागली. मग त्याने डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि हळूच दाबला. की ढकलला? कळेना. वर्नेटा टोमॅटोचं सँडविच घेऊन आली तेव्हा विचारलं, "हा बस म्हणतोय की जा?"

ती हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला कळत असणार. म्हणाली, "मला काय माहीत, वेस. मी रोज अंदाजच करते."

मला वाटलं, जा म्हणत असेल. उठलो. मग वाटलं, बस म्हणत असेल तर? पुन्हा बसलो. त्याने हात काढला नाही. मग तो झोपला, आणि हात आपोआप खाली घसरला.

तरी थोडा वेळ बसलो.