पाचव्या गोधडीबाबत

मी, सुंदराबाई रामजी घाडी, वय अदमासे त्रेसष्ट, गिरणीत एकतीस वर्षं नोकरी केलेली, राहणार लालबाग, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या धाकदपटशाशिवाय हे लिहवून घेत आहे. धाक दाखवायला आता घरात कोणी उरलेलंही नाही. लिहिणारे जगदीश मास्तर आमच्याच चाळीतले. माझी वाक्यं सुधारायची नाहीत असं त्यांना बजावलं आहे.

गेल्या दिवाळीत केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात एकच मोठं कलम होतं: मी मेल्यावर संग्रहालयातून माझी पाचवी गोधडी परत आणावी आणि मला तिच्यात गुंडाळून अग्नी द्यावा. ते का रद्द केलं ते खाली येईल.

१. खोली भाड्याची, म्हणजे माझी नव्हेच. मालक कबूल झाला तर ती भाची कौसल्या हिच्या नावावर व्हावी. हंडा, स्टोव्ह आणि सुयांचा डबा तिलाच. शेजारच्या चंपाने माझी मोठी कात्री गणपतीत नेली, ती अजून आणतेच आहे. कात्री तिला राहू द्यावी, पण कौसल्येने एकदा चारचौघांत मागावी.

२. संग्रहालयाचे शरच्चंद्र साहेब दोन वर्षांपूर्वी वही घेऊन आले आणि पाच गोधड्या घेऊन गेले. प्रत्येकीची हकीकत त्यांनी विचारली. एक आईच्या लुगड्यांची. एक नवऱ्याच्या धोतरांची. एक मी गिरणीतल्या तुकड्यांची शिवलेली. एक सासूच्या लुगड्यांची. जिवंतपणी तिने मला कधी पांघरूण दिलं नाही, मेल्यावर मात्र सतरा वर्षं माझ्या अंगावर होती. साहेब हसले आणि लिहून घेतलं.

पाचवी मी देणार नव्हते. दीर बाबुराव म्हणाला, "वयनी, ती पण दी. काचेच्या कपाटात बरी रवतली. हय उंदीर खातले." मला ते पटलं. साहेबांनी तिची हकीकत विचारली तेव्हा मी म्हटलं, "जुनेर आहे, दुसरं काय."

आमच्या गावी मेलेल्या माणसाचं अंगावरचं शेवटचं कापड गोधडीत आत घालतात, वर लावत नाहीत. आणि आत कोण आहे ते शिवणारीने तोंडाने सांगायचं नसतं. पाचवीत माझ्या लेकाचा, लवूचा सदरा होता. छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा तो गोळीबारात गेला. बावीस वर्षांचा होता. सदरा मी धुतला नाही, तसाच घडी करून आत घातला. त्याचा फोटो कधी काढला नव्हता. माझ्याजवळ त्याचं तेवढंच होतं.

या फाल्गुनात कौसल्येबरोबर बघायला गेले. काचेमागे गोधडी फुगीर दिसली. कडेला टाके माझे नव्हते. फार सरळ होते. साहेब कौतुकाने म्हणाले, "आजी, आत कसर लागली होती. चिंध्या काढून नवा कापूस घातला. वरचं एक ठिगळही हलू दिलं नाही."

"चिंध्यो खय आसत?"

"जाळून टाकल्या. कीड पसरते ना. का? काही होतं त्यात?"

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी चहा दिला. मी प्यायले. बाहेर आल्यावर कौसल्येला खरं सांगितलं आणि रस्त्यातच बसले. लवूला दुसऱ्यांदा जाळलं, आणि तेव्हा मी जवळ नव्हते. साहेब माणूस चांगला आहे, त्यांना दोष नाही. मी एक शब्द बोलले असते तर सदरा वाचला असता. मला फार राग येतो आणि तो स्वतःवरच येतो.

३. बाबुरावला काही देत नाही. मास्तर म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात वाटा नसावा, म्हणून त्यालाच साक्षीदार केलं आहे. सही करण्याआधी त्याने हे सगळं वाचून घ्यावं.

४. मला जाळताना दुकानातली कोरी चादर घालावी. ती कुठलीही चालेल.

५. उद्या राज्य होणार म्हणून चाळीत पताका लागल्या आहेत. कौसल्या म्हणते, "मावशे, आता तरी त्या गोधडीच्या कार्डावर लवूदादाचा नाव घालूक सांगूया." तिला आणि साहेबांना माझी ताकीद आहे. आई, नवरा, सासू यांच्या गोधड्यांच्या कार्डांवर त्यांची नावं खुशाल घालावीत. पाचवीवर लवूचं नाव घालू नये. तो तिच्यात नाही.

सुंदराबाई रामजी घाडी (सही माझ्या हातची)

साक्षीदार:
बाबुराव घाडी, दीर. वाचून सही केली.
रमाबाई कुशाबा जाधव, शेजारीण. ऐकून अंगठा दिला.

लालबाग, मुंबई
दिनांक ३० एप्रिल १९६०