पहिलं अक्षर मोठं

ती. स्व. ताईस,

नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे आणि एकदा खाली गेलो की उठवायला माणसं लागतात.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे आम्ही सगळे ठीक. ‘आम्ही’त तुझी मुलगीही आली, हे तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगतो. मोठ्या कंपनीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती मामाकडे आली तेव्हापासून तुम्हा मायलेकींचं बोलणं बंद आहे. ‘पाट्यांच्या दुकानात ती काय दिवे लावणार?’ असं तू म्हणाली होतीस. त्याचंच हे उत्तर.

आल्या आल्या तिने आमचे कॉम्प्युटर तपासले. सगळ्या मशिनांना एकच पासवर्ड, तोही दुकानाचंच नाव. समोरच्या सलूनमधली गिऱ्हाइकं आमच्या वाय-फायवर सिनेमे बघत होती (मला वाटायचं, सलून चांगलं चालतं). तिने सगळ्यांना गोळा करून नवा पासवर्ड सांगितला आणि बजावलं, ‘पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान, शेवटी आकडा. कोणी विसरू नका.’ आता आमच्या रंगारीकाकांना उभ्या हयातीत ‘पहिलं अक्षर मोठं’ याचा एकच अर्थ माहीत. ती जेवून येते तो काचेत पाटी लागलेली. पहिलं अक्षर वीतभर, लाल, मागे काळी सावली. बाकीची लहान. आकड्याला सोनेरी कड. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावी अशा बेताने टांगलेली. मी डोळेच मिटून घेतले. तुझी मुलगी मात्र पाटीसमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘काका, सावली फार सुरेख पडलीय. आता उतरवा, मी पासवर्ड बदलते.’ (हा स्वभाव तिने तुझ्याकडून घेतलेला नाही, रागावू नकोस.) तेव्हापासून काका तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

मग तिने दुकानाला शिस्त लावली. गिऱ्हाइकांचं वाय-फाय वेगळं, कामाचं वेगळं. मशिनवर नवं काही बसवायचं तर मालक असून मला तिची परवानगी लागते. मेल उघडायला नुसता पासवर्ड पुरत नाही, वर फोनवर आकडे येतात आणि फोन नेमका घरी राहिलेला असतो. रोज संध्याकाळी सगळ्या कामाची नक्कल एका डिस्कवर घ्यायची, वायर काढायची आणि डिस्क घरी आमच्या हिच्या कपाटात ठेवायची. मी भरपूर कुरकुर केली. वायर लावून ठेवली तर डिस्क चावते का, असंही बोललो.

आणि परवा बघ. नव्या हॉस्पिटलच्या पाट्यांचं काम हातात, उद्घाटन तोंडावर. मजल्यामजल्याचे बाण, दारांवरच्या खुणा, सगळं कॉम्प्युटरवर. सकाळी एक मेल आली, ‘बिल सोबत जोडले आहे.’ ती कोणी उघडली हे विचारू नकोस. बघता बघता एकेक फाइल कुलूपबंद आणि पडद्यावर धमकी, पैसे भरा नाहीतर काम विसरा. ते काम बुडालं असतं तर आमच्या दारावर एकच पाटी उरली असती, ‘दुकान बंद’. तिने आवाज न चढवता आधी नेटवर्कच्या सगळ्या वायरी उपटल्या, मशिनं पुसून कोरी केली आणि मग हिच्या कपाटातली डिस्क मागवली. (तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता, पण आत सगळं शाबूत.) दिवस मावळायच्या आत अक्षरं कापायचं मशीन पुन्हा घरघरायला लागलं. ताई, मी गल्ल्यामागे बसून खरोखर रडलो. एवढ्या थंड डोक्याची पोर आपल्या घरात आहे आणि तिच्या आईलाच त्याचा पत्ता नाही, याचं फार वाईट वाटलं.

भावोजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : सलूनवाला आता आमच्याशी बोलत नाही.

दुसरा ता. क. : खरी गोष्ट लिहायची राहिली. तिला दुकानात भागीदार करून घ्यायचं माझ्या मनात आहे. ती म्हणते, आई हो म्हणाली तरच. तेव्हा तुझा होकार हवा.

तिसरा ता. क. : पण पत्राने कळवू नकोस. तिने आम्हाला घालून दिलेला नियम आहे, लेखी आलेल्या मागणीवर विश्वास ठेवायचा नाही, ओळखीच्या नंबरावरून माणसाचा आवाज ऐकायचा आणि मगच हो म्हणायचं. दुकानाच्या फोनवर कर. तो वाजला की ती हातातलं काम टाकून धावते, नंबर बघते आणि तुझा नाही म्हणून फोन माझ्याकडे देते.