उमेदा स्टेशनखालची शिनोताई

कुरायोशी,
४ ऑक्टोबर १९९६

ती. शिनोताईस,
कियोहारूचा सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीचं, चिझुरूचं पत्र आलं. मंगळवारी उमेदा स्टेशनखालच्या बाजारात तू चार तास हरवली होतीस म्हणे! पोर ऑफिस टाकून शोधत फिरली आणि तू सापडलीस कुठे, तर एका काउंटरपाशी, उभ्याने उदोनच्या जाड शेवया ओरपताना. एकाहत्तराव्या वर्षी हे शोभतं का? भावोजी गेल्यापासून सांगतोय, इकडे ये. नाशपातीची तोडणी उरकली की न्यायलाच येतो. तोमिएने तुझी खोली झाडून ठेवलीय.

रागावू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
कियोहारू

ओसाका,
११ ऑक्टोबर

चि. कियोहारूस अनेक आशीर्वाद. तोमिएलाही.

अरे शहाण्या, त्या बाजारात मी रोज जाते. ऑक्टोपसचे गरम गोळे खाऊन टाळू पोळून घेते. लोणचेवाल्या ओगिनोबाई मुळ्याची फोड पुढे करून विचारतात, मावशी, आज खारट झालाय का बघा. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून मी मागाहून गार जेवले. इथे वाफाळता वाडगा आधी माझ्यापुढे येतो.

आता खरं सांगते. चिझुरूला मीच सांगेन, तू घाई करू नकोस. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढत जाणार. मंगळवारी बाजारातल्या कारंज्यापाशी उभी होते आणि घर कुठल्या दिशेला, तेच आठवेना. ओगिनोबाईंनी हात धरून उदोनवाल्याकडे नेलं. पिशवीतली चिठ्ठी पाहून त्याने चिझुरूला फोन केला. म्हणून तर रोज जाते रे. पुढे मला वाट आठवणार नाही, पण त्या माणसांना मी आठवेन. तिकडे आपल्या आळीतली निम्मी घरं आता बंद. उरलेले मला बिचारी म्हणतील.

ये जरूर. न्यायला मात्र येऊ नकोस.

तुझी,
ताई

कुरायोशी,
२ नोव्हेंबर

चि. चिझुरूस,
कियोहारूमामाचे अनेक आशीर्वाद.

मी आलो त्याच दिवशी ताईने आजाराचं तुला स्वतःहून सांगितलं, हे बरं झालं. जाताना तिला घेऊनच जाणार, असं मी तुला बजावलं होतं. मग एकटाच का परतलो, ते फलाटावर सांगता आलं नाही. तिला तिथेच राहू दे, बाजारातही जाऊ दे. दर महिन्याला मी येत जाईन.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं खाली बाजारात गेलो होतो. मी हात धुऊन उदोनच्या काउंटरपाशी परतलो, तर ताईने परक्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. पिशवी बाजूला घेऊन मला जागा करून दिली. म्हणाली, तळलेल्या तोफूचं घ्या, आधी नुसता रस्सा प्या. मग हळूच सांगितलं, की तिचा धाकटा भाऊ तिला न्यायला गावाहून आलाय आणि इथेच कुठेतरी चुकलाय. हट्टी आहे, पण मनाने फार हळवा. गर्दीत लहानपणापासून घाबरतो.

मीच तो, असं सांगणारच होतो. माझे डोळे भरलेले बघून तिला वाटलं, मीही कुणाला तरी शोधतोय. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आधी पोटभर खाऊन घ्या, मग बघू.

मी वाडगा संपवला. तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघं मला शोधायला निघालो.

आईला जप. या म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

तुझा,
मामा