ऑफिसटाइमचा फोटो

२ मार्च
कॅमेरा घेतला. खरा कॅमेरा, फोनातला नव्हे. हिने विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, तुझ्यासाठीच.
कारण असं. मालकाने घर पाडायला काढलंय, महिनाअखेर जागा सोडायची. घराचं हिला फारसं काही नाही. पण फाटकापासून पायरीपर्यंतचा तो फुलांचा वाफा म्हणजे हिचा जीव की प्राण. स्टुडिओवाल्याला बोलावून वाफ्याचा मोठा फोटो काढून घेऊ, नव्या घरात भिंतीवर लावू, असं हिचं चाललं होतं. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? रंगाच्या कारखान्यात शेडकार्ड विभागाचा प्रमुख आहे मी. एका लालात अठरा लाल दाखवीन. स्टुडिओवाल्याला पासपोर्टच्या फोटोत दोन कान दिसले की तो खूश.
ही म्हणाली, बरं, पण फुलं सगळी उमललेली आली पाहिजेत. एवढंच ना!
संकल्प: एकच फोटो. पण बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं पाहिजे.

३ मार्च
अभ्यास. व्हिडिओतले सर म्हणतात, फुलांचा एकच वैरी, भर ऊन. फोटो काढावा मऊ उजेडात. सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी. भर उन्हात फुलाचा फोटो काढणं म्हणजे झोपलेल्याच्या तोंडावर बॅटरी मारणं. काय बोलतो माणूस! दोनदा ऐकलं.

४ मार्च, सकाळी सहा
उठलो. उजेड लोण्यासारखा. वाफ्यात एक फूल उमललेलं नाही. सगळ्या कळ्या मुठी आवळून बसल्यात. उद्या उमलतील.
मांडी घालून बसलो होतो, आता गुडघा उमलत नाही.

५ मार्च, सकाळी सहा
त्याच मुठी.

५ मार्च, संध्याकाळी
ऑफिसातून पळत आलो. उजेड फर्स्ट क्लास, कळ्या मिटलेल्या. हिला म्हटलं, तुझ्या झाडांना रोग झालाय, खत घाल. ही हसत सुटली. म्हणाली, अहो, ऑफिसटाइम आहेत ती. ऊन चढलं की उमलतात, दुपार कलली की मिटतात. तुम्ही नऊला जाता, सहाला येता, तुम्हाला कुठून दिसणार?
म्हटलं, फुलांना कसलं आलंय ऑफिस? अकरा वर्षं या घरात राहतोय, मला माहीत नाही होय?
(रविवारी मी घरी असतो हे खरं. पण रविवारी मी पेपर वाचतो आणि मग झोपतो. तो मुद्दा वेगळा.)

८ मार्च, रविवार
आज सोक्षमोक्ष. सकाळपासून खुर्ची टाकून बसलो. अकराच्या सुमारास उमलली खरी. गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी, सगळा वाफा. पण ऊन! डोकं फुटेल असं. कॅमेऱ्यात पाहिलं तर गुलाबी रंग पार भाजलेला. हा रंग आमच्या कारखान्यातून बाहेर पडला असता तर माझी नोकरी गेली असती.
भर बाराला ही केस विंचरून, झारी हातात घेऊन वाफ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, आता काढा, मीपण उभी राहते. मी समजावून सांगितलं. ऊन डोक्यावर असताना कपाळाची सावली नाकावर पडते, नाकाची ओठावर, माणूस ओळखू येत नाही. व्हिडिओतल्या सरांचं सगळं सांगितलं. माझं संपेपर्यंत ही आत गेली होती. झारी तिथेच.
मग डोकं लढवलं. ऊन मऊ होत नाही तर आपण करू! कपाटातली नवी पांढरी चादर काढली, चार काठ्यांना चिमट्यांनी बांधली, वाफ्यावर मांडव घातला. खाली काय उजेड आला! दुधासारखा. स्टँड लावला, लेन्स पुसली, सेटिंग केलं. पाऊण तासाने वर पाहतो तो फुलं मिटायला लागलेली. इतकी आडमुठी फुलं जन्मात पाहिली नाहीत.
चादरीवर कावळा. ही ओरडली. कावळ्यावर नाही.

११ मार्च
कंपनीने क्वार्टरचे दोन फ्लॅट दाखवले. एक दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी दक्षिणेला, दिवसभर ऊन. दुसरा चौथ्या मजल्यावर, बाल्कनी उत्तरेला, ऊन औषधालाही नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, नुसता मऊ उजेड! माझा तर विश्वासच बसेना. तिथल्या तिथे चौथ्याची सही ठोकली. लोक उगाच घर निवडायला महिने लावतात.
घरी हिने विचारलं, ऊन येतं का हो? म्हटलं, उन्हाचा काडीचा त्रास नाही. ती म्हणाली, वाफ्यातल्या काड्या कुंडीत लावून न्यायच्यात. म्हटलं, खुशाल ने, चांगल्या दोन ने.
म्हणजे इथे नाही जमलं तरी तिथे निवांत काढता येईल. उगाच घाई करायची नाही.

१५ मार्च, रविवार
सकाळी सहाला प्रयोग. कळी हाताने उमलवायची. हिचा भुवयांचा चिमटा घेतला. पहिली कळी फाटली. दुसरी फाटली. तिसरी जवळजवळ उमलली, मग फाटली. मागे वळून पाहिलं तर ही दारात उभी. बोलली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च
पोटदुखीची रजा टाकली. आज फुलं उमलतानाच गाठायची, मग ऊन असो नसो, तडजोड करायची. मनाचा मोठेपणा लागतो त्याला.
तर सकाळपासून आभाळ गच्च. उजेड म्हणजे स्वर्ग! व्हिडिओतल्या सरांना सुद्धा असा मिळाला नसेल. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. एक कळी उघडेल तर शपथ. मी वाफ्यासमोर बसून राहिलो. साहेबांचा फोन आला, पोट कसं आहे? माझ्या तोंडून निघालं, अजून उमललं नाही.
उद्या ऑफिसात काय सांगायचं ते ठरवलं पाहिजे.

२२ मार्च, रविवार
कन्येचा फोन. म्हणे, बाबा, साधा फोन घ्या, दुपारी बाहेर या, आईला फुलांजवळ उभी करा आणि बटण दाबा. झालं! पोरीला समजावण्यात अर्थ नाही. या पिढीला सगळं बटणावर हवं.
मग ती आईशी बोलली. मी पलीकडच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होतो. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं. तूच काढ ना गं, असं ती म्हणाली असावी. कारण ही म्हणाली, नको, त्यांनी एवढा हौसेने कॅमेरा घेतलाय, त्यांचा हिरमोड नको व्हायला. काढतो म्हणालेत ना, काढतील.
याला म्हणतात विश्वास. अंगावर मूठभर मांस चढलं. ठरलं, शनिवारी अठ्ठावीसला हाफ डे. एकला घरी. मग ऊन असो, वारा असो, कावळा असो, वाफा आणि ही, दोघांचा फोटो.

२८ मार्च
शनिवार. हाफ डे मिळाला, पण निघताना निर्यातीच्या शेडकार्डात चूक सापडली. क्रीम आणि ऑफव्हाइट उलटसुलट चिकटवलेले! बघून न बघितल्यासारखं करणं माझ्या रक्तात नाही. घरी पोचलो तेव्हा साडेपाच.
फाटकाशी ट्रक उभा होता. मालकाच्या माणसांनी कुंपणाच्या नव्या भिंतीसाठी विटा आणल्या होत्या आणि सगळ्या वाफ्यावर रचल्या होत्या. फाटकापासून पायरीपर्यंत. मालकाला फोन केला, भांडलो. घसा बसला. तो म्हणाला, तुम्ही परवा जाणारच ना?
ही पायरीवर बसली होती, कुंडी मांडीत घेऊन. काड्या तिने परवाच काढून लावल्या होत्या म्हणून वाचल्या. मी म्हटलं, मी साडेबारालाच निघणार होतो. ती म्हणाली, हो.
उजेड अप्रतिम पडला होता. विटांचा एक काढला. फोकस उत्तम आलाय.

५ एप्रिल, रविवार
चौथा मजला. लिफ्ट बंद. सामान अजून खोक्यांत, पण दिवाणखान्यात भिंतीवर खिळा ठोकलेला दिसला. हिने ठोकून ठेवलाय.
दुपारी म्हणाली, फोटो दाखवा, कुठला मोठा करायचा ते ठरवू. टीव्हीला जोडून दाखवले. मिटलेल्या कळ्या, सकाळच्या. मिटलेल्या कळ्या, संध्याकाळच्या. चादर. चादर आणि कावळा. चिमटा. ढग. एक माझाच अंगठा. विटा. ही शेवटपर्यंत बघत बसली, मध्ये उठली नाही. मग विचारलं, उमललेली कुठे आहेत? मी उजेडाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, राहू द्या. मला तोंडपाठ आहेत ती.
आणि स्वयंपाकघरात गेली. मला फार राग आला. कोणाचा ते लिहीत नाही.

१२ एप्रिल, रविवार
बाल्कनीतली कुंडी बघतो रोज. काड्या उंच वाढल्यात, किडकिडीत, मान वाकडी करून आभाळ शोधतात. कळ्या धरतात, उमलायचं नाव नाही. उजेड दिवसभर मऊ. कॅमेरा स्टँडवर लावूनच ठेवलाय.
खालचा वॉचमन म्हणाला, साहेब, तुमच्या बाईंची फुलं फार सुरेख. मी म्हटलं, कुठली फुलं? तर ही रोज मी गेल्यावर कुंडी कडेवर घेऊन चार मजले उतरते, फाटकापाशी उन्हात ठेवते आणि शेजारी कट्ट्यावर बसते. फुलं मिटली की पुन्हा चार मजले वर. मला एका शब्दाने बोलली नाही.
हिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.
दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट अजून आहे का, उद्या विचारतो. त्यात कमीपणा कसला?

१३ एप्रिल
गेला. आमच्या पॅकिंग विभागातल्या एकाने घेतला. त्याच्या बाल्कनीत सायकल उभी आहे.

१९ एप्रिल, रविवार
आजपासून कुंडी खाली न्यायचं काम माझ्याकडे. मीच म्हटलं. ही नको नको म्हणाली, पण मनापासून नाही.
कुंडी दिसते तेवढी हलकी नाही. तिसऱ्या मजल्यावर दम, दुसऱ्यावर कंबर, पहिल्यावर चप्पल निसटली. कट्ट्यावर बसलो दोघं. ऊन कडक, डोक्यावर. अकराच्या सुमारास एक उमललं, मग बाजूचं, मग बघता बघता सगळी. गुलाबीला आमच्या कार्डात नंबरच नाही. मी इतकी वर्षं त्या घरात राहिलो आणि नीट बघितली ती आज. हे हिला सांगायचं नाही.
ही अंगावरचा पदर सारखा करून कुंडीशेजारी सरकून बसली. म्हणाली, काढा आता. नाकावर सावली पडली तरी चालेल.
कॅमेरा वर स्टँडवर. दोन्ही हातांत कुंडी होती, तो कशात आणणार? आणतो म्हणून उठलो, जिन्यापर्यंत गेलो, वर पाहिलं आणि परत येऊन बसलो. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. ही हो म्हणाली.
चारला कुंडी वर न्यायची आहे. लिफ्टवाला बुधवारी येतो म्हणालाय.