ओरडणाराच दे

बाळकुम, ठाणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आईंना दिशाचा साष्टांग नमस्कार. (आधीच सांगते, नमस्कार खरा आहे. पुढचं वाचून तसा वाटला नाही तरी.)

गुडघा कसा आहे? शिवानी आणि बाळ मजेत असतील. ऋतुराजला म्हणावं, बाळाचे फोटो पाठवतोस त्यातल्या निम्म्यांत तूच दिसतोस.

तुम्ही फोनवर विचारलंत, "बेडूक कशाला गं आणताय घरात?" तेव्हा स्पीकर चालू होता आणि मागे कोणीतरी खुसखुसलं, म्हणून उत्तर लिहून देते आहे. पत्राला स्पीकर नसतो.

तर बेडूक. हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा आता रिकामा होणार, तिथे आम्ही काचेची उंच पेटी ठेवतोय. आत माती, शेवाळ, वेल, एक वाकडी फांदी. त्यात राहायला कोणीतरी हवं म्हणून काल मी आणि साईनाथ इथल्याच एका दुकानात गेलो. दुकानदार मितेश पोरगेलासाच, पण बोलण्यात पटाईत.

त्याने दाखवलेला पहिला बेडूक म्हणजे नुसतं तोंड. दिवसभर मातीत रुतून बसतो आणि समोरून काही गेलं की गिळतो. साईनाथ म्हणाला, "राघोकाकांना इथे कोणी आणून ठेवलं?" मला हसू आवरेना. (तुमचे दीर आहेत, माफ करा.) दुसरे अगदी नखाएवढे, निळे-पिवळे, दिसायला फार देखणे. पण त्यांना सतत गारवा हवा. ठाण्याच्या मे महिन्यात वीज गेली तर त्यांचं काय होणार? माझ्या हौसेपायी कोणाचा जीव जायला नको. तिसरा हिरवागार, गुबगुबीत, मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, काचेला चिकटून बसलेला. चेहरा असा, की नुकताच जेवून उठलाय.

मितेश म्हणाला, "वहिनी, डिस्प्लेला दोन वेगळे घ्या ना, कलर कॉम्बिनेशन मस्त दिसेल."

"आणि मोठ्याने लहान्याला गिळलं, की कॉम्बिनेशन कुठे शोधू?"

मग मी त्याला फैलावरच घेतलं. रानातून पकडून आणलाय की पैदास केलेला? कागदपत्रं कुठायत? माझ्यासमोर खाऊ घाल. त्याने रातकिडा सोडला, हिरव्याने तो झडप घालून धरला आणि डोळे मिटून गिळला. अंग भरलेलं, डोळे स्वच्छ, कातडीवर जखम नाही. आमचं ठरलं. मितेश म्हणाला, "मादी घेऊन जा वहिनी, शांत असते. नर ओरडतो, शेजारी कम्प्लेंट करतील."

मी म्हटलं, "ओरडणाराच दे."

एक गोष्ट मात्र त्याने बजावली. बेडकाची कातडी नाजूक, आपल्या हाताचा साबण, तेल सगळं आत शोषून घेते. तेव्हा लांबून बघायचं, हात लावायचा नाही. आई, हा नियम मला नवा नाही.

आता रसिकाताई. फॅमिली ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'मूल नाही म्हणून बेडूक!' उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग पुसून टाकलं, पण मी वाचलं होतं. हो, मूल नाही. बेडूक मात्र मला आवडतो म्हणून आणतेय. मुलाची भरपाई एवढ्याशा जिवाकडे मागण्याइतकी मी खुळी नाही.

आणि तुम्हाला सांगायचं मी टाळत आले, ते आता सांगते. आम्ही थांबलोय. दिवाळीतच ठरवलं. यापुढे इंजेक्शनं नाहीत, नवस नाहीत, कोणाच्या ओळखीचे वैद्य नाहीत. डॉक्टर अजून एकदा करून बघू म्हणत होते, आम्हीच नको म्हटलं. घरी येऊन दोघंही रडलो. मग साईनाथने भजी केली. आतून कच्ची होती, खाल्ली.

कोपऱ्यात इतकी वर्षं काय होतं ते तुम्ही जाणता. आजेसासऱ्यांनी गावच्या फणसाच्या लाकडाचा करवून घेतलेला पाळणा. तुमची तिन्ही मुलं त्यात वाढली. मला सातवा लागला तेव्हा तुम्ही तो हौसेने डोंबिवलीहून पाठवलात. बाळ गेलं, पाळणा राहिला. तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याजवळ होतात, माझ्या पायांना तेल चोळलंत, वेडंवाकडं बोलायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवलंत.

त्याच तुम्ही आता निरोप धाडता, 'गुरुवारी तानाजी टेम्पो घेऊन येईल, त्याच्याकडे पाळणा दे. बारशाला साईनाथ एकटा आला तरी चालेल, तुला उगाच त्रास.' त्रास कोणाला, आई? वांझेचा हात पाळण्याला लागू नये, असं कोणीतरी म्हणालं असणार. शब्द मीच लिहून टाकला, म्हणजे तुम्हाला कुजबुजावं लागणार नाही. त्याच हाताने मी तो पाळणा पुसत आलेय. त्याला कीड लागू दिली नाही.

साईनाथ म्हणतो, "मग मीपण जात नाही." मी म्हटलं, "वेडा आहेस का? दोघांनी जायचं."

पाळणा मी अडवणार नाही. तो बाळाचा आहे, बाळाला मिळेल. पण तानाजीला मी गुरुवारी नको, रविवारी बारशाच्या सकाळी ये म्हणून कळवलंय. मागे पाळणा, पुढे तानाजीशेजारी मी. साईनाथ बसेल जागा मिळेल तिथे. नाव रसिकाताईच ठेवतील, तो आत्याचा मान. मला मान नको, पाळण्याची एक बाजू हवी. बाळाला पाळण्याखालून पलीकडे देतील तेव्हा पलीकडचे हात माझे असतील. कोणाला बघवणार नसेल तिने तेवढ्यात जेवून घ्यावं.

शिवानीला मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आला नाहीत तर मी बाळाला खोलीबाहेर आणणारच नाही." आता बोला.

रविवारी दार तुम्ही उघडा, आई. दुसऱ्या कोणाला पाठवू नका. नाहीच उघडलंत, तर उघडेपर्यंत मी बेल वाजवत राहीन.

तुमच्या नातीची सख्खी काकू,
दिशा